पाम म्हणे शिरोळात! थर्मामीटर घेऊन कोल्हापूर ते कुडाळ

बुधवार

नकाशा काढा आणि कोल्हापूरवर बोट ठेवून सरळ उजवीकडं ओढत न्या, कर्नाटक ओलांडा, तेलंगणा ओलांडा, बोट जिथं आंध्रात शिरतं तिथं एलुरू लागतं, अक्षांश जवळपास तोच, १६.७. आणि एलुरूच्या शेजारी पेदवेगी, जिथं १९९५ पासून ऑइल पामवर, म्हणजे पामतेल देणाऱ्या झाडावर, काम करणारी आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) संस्था आहे आणि आजूबाजूला मैलोन्मैल पामच्या बागा. तिथला पाऊस वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर, म्हणजे कोल्हापूर शहरात पडतो साधारण तेवढाच. आता हे सगळं माझ्या शिरोळच्या मामाला कुठल्यातरी रोपं विकणाऱ्या एजंटनं सांगितलेलं, आणि मामानं ते मला फोनवर असं सांगितलं की जणू रेघ त्यानंच मारलीय. "रेघ तीच, पाऊस तेवढाच, मग हितं का न्हाय व्हायचं, सांग की!"

खरं सांगायचं तर प्रश्न एकदम रास्त होता आणि माझ्याकडं पटकन उत्तर नव्हतं. म्हणून ठरलं की बघूनच येऊ. मामा, मामी, मी आणि गाडी चालवायला मामेभाऊ पिंट्या. नर्सरीत वापरायचा एक मिनिमम-मॅक्सिमम थर्मामीटर माझ्याकडं पडून होता, रात्रीत पारा सगळ्यात खाली कुठवर गेला ते सकाळी दाखवतो, तो पिशवीत टाकला. जानेवारीचे दिवस, पामसाठी सगळ्यात वाईट महिना, म्हणून बघायला सगळ्यात चांगला. एप्रिलात गेलं असतं तर सगळा जिल्हाच गरम वाटला असता.

जयसिंगपूरच्या पुढं रस्त्यावर नुसत्या उसाच्या ट्रॉल्या, एकामागं एक, डेकवर गाणी, ओव्हरटेक करायची सोय नाही. मामाच्या रानात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. मळीची काळी जमीन, एका बाजूला भेगा आणि दुसऱ्या बाजूच्या सखल पट्टीत पांढरी खपली आलेली. क्षारपड. शिरोळ तालुक्यात हे नवीन नाही, वर्षानुवर्षं उसाला पाटानं बेसुमार पाणी दिल्याचा हिशोब जमीन असा चुकता करते. ऑइल पामला खोल, भुसभुशीत, निचऱ्याची पोयट्याची जमीन आवडते, आणि पाणी साठून राहिलं की मुळं गुदमरतात. घराच्या भिंतीवर २०१९ च्या पुराची रेघ अजून दिसते, मामीनं ती मुद्दाम पुसलेली नाही. ती रेघ दाखवत मामी म्हणाली, "आठ-धा दिस पाणी हललं न्हाय बघ. ऊस कुजला तर फुडच्या साली दुसरा लावतो आम्ही. हे तुमचं झाड पंचवीस वर्साचं, ते कुजलं तर मी काय करू?"

मामाचं लक्ष पाण्याच्या हिशोबावर. ऑइल पाम त्रिकोणी पद्धतीनं ९ मीटरवर लावतात, हेक्टरी १४३ झाडं, एकरी साधारण ५७. मोठ्या झाडाला दिवसाला १५० ते २०० लिटर पाणी, कडक उन्हाळ्यात त्याहून जास्त. म्हणजे एकराला रोज आठ-साडेआठ हजारापासून साडेअकरा हजार लिटर. आकडा ऐकून पिंट्यानं गाडीच्या बॉनेटवर हात मारला, पण मी बॉनेटवरच वहीत गणित मांडलं तर पाटपाण्यावरच्या उसाला वर्षात यापेक्षा जास्त पाणी जातं! म्हणजे "पाम पाणी पितो म्हणून नको" असं म्हणायला उसवाल्या माणसाला तोंडच नाही. मामा एकदम खूष. मलापण वाटलं की च्यायला, गडी जिंकतोय काय.

संध्याकाळी नरसोबाच्या वाडीला दर्शन, कवठाची बर्फी, आणि रात्री थर्मामीटर रानातल्या शेवग्याच्या फांदीला टांगून आलो.

गुरुवार

सकाळी सातला पारा बघितला: रात्रीचं किमान १२.५. उसाच्या पानावर दव, तोंडातून वाफ, मामा मफलरमध्ये.

इथं त्या आडव्या रेघेची गोची आहे. ऑइल पाम मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं, विषुववृत्ताच्या जवळचं झाड. त्याला दिवसा २९ ते ३३ आणि रात्री २२ ते २४ अंश लागतात, बारा महिने. रोप लहान असताना पारा १५ च्या खाली गेला की त्याची वाढ थांबते, मरत नाही पण बसून राहतं. मोठ्या झाडाचे घड थंडीत पिकायला वेळ लावतात, काही फुलोरे आतल्या आतच गळून जातात. एलुरू समुद्रसपाटीपासून जेमतेम वीस-पंचवीस मीटरवर, समुद्र जवळ, जानेवारीतसुद्धा तिथल्या रात्री सरासरी १८-१९ च्या आसपास राहतात. आपण पठारावर, साडेपाचशे मीटरच्या जवळपास. रेघ नकाशावर आडवी असते हो, पण आपण जिना चढून वर बसलोय ना. शिवाय तिकडं ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस बऱ्यापैकी होतो, त्यामुळं कोरडा काळ थोडा उशिरा सुरू होतो, आणि उरलेल्या महिन्यांत बोअरचं पाणी ठिबकनं.

मामाला हे सांगितलं तर तो पाच मिनिटं गप्प, मग म्हणाला, "बरं मग गगनबावड्यात? तिथं पाऊस ढीग हाय."

म्हणून कळे, साळवण करत गगनबावड्याला. वाटेत एका गुऱ्हाळावर थांबून गरम काकवी खाल्ली, त्याबद्दल वेगळं लिहावं लागेल. बावड्यात वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस, कोल्हापूर शहराच्या पाचपट, आणि शिरोळला जाईपर्यंत तोच पाऊस पाच-सहाशेवर येतो. एका जिल्ह्यात एवढा फरक, म्हणून जिल्ह्याचा सरासरी पाऊस सांगणाऱ्या माणसावर कधी विश्वास ठेवू नये. पण पामला वर्षाची बेरीज नकोच आहे. दर महिन्याला साधारण १५० मिलिमीटर, बाराही महिने, असा पाऊस त्याला पाहिजे, तसा पडला की २००० ते २५०० मध्ये भागतं. मलेशिया-इंडोनेशियात नेमकं हेच आहे आणि म्हणूनच जगातलं बहुतेक, म्हणजे ८० टक्क्यांच्या वर पामतेल त्या दोन देशांतनं येतं. बावड्याचा पाऊस जून ते सप्टेंबर येतो, धो धो, जांभ्याच्या उतारावरून खाली निघून जातो, आणि डिसेंबरनंतर तिथल्याच वाड्यांना प्यायच्या पाण्यासाठी पायपीट. वर आणखी, त्या चार महिन्यांत सूर्य दिसत नाही. पामला रोज पाच तास तरी स्वच्छ ऊन हवं. आणि उंची शिरोळपेक्षाही जास्त, म्हणजे थंडी आलीच.

मामी गाडीत बसूनच म्हणाली, "हितं गवं येत्यात रातचं, झाड कशाला लावतोस." विषय संपला.

करूळ घाट उतरताना मात्र मजा आली. वर स्वेटर, मधल्या वळणांवर स्वेटर मांडीवर, वैभववाडीत पिंट्यानं खिडक्या खाली करून एसीची बटणं शोधली. दहा-बारा किलोमीटरच्या रस्त्यात हवाच बदलते, कोरडेपणा जाऊन अंगाला चिकटणारा दमटपणा येतो. पामची पुस्तकी अट आहे ८० टक्के आर्द्रता, ती आकड्यात वाचून काही कळत नाही, घाट उतरला की गळ्यापाशी कळते. तळेरे, कणकवली, कुडाळ. रात्री बांगडा आणि सोलकढी, मामानं तीन वाट्या सोलकढी पिली.

शुक्रवार

कुडाळात लॉजच्या मागच्या फणसाला टांगलेला थर्मामीटर: १८. एका घाटानं साडेपाच अंशाचा फरक!

मुळद्याला पोचलो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं केंद्र आहे इथं, आणि देशभरात ऑइल पामच्या चाचण्या ज्या केंद्रांवर चालतात त्यातलं हे महाराष्ट्रातलं. मामा आत शिरताना म्हणाला, "बंगल्याम्होरं लावत्यात तसला पाम असंल बघ." नव्हता. बंगल्यापुढचा तो रॉयल पाम, गुळगुळीत खोडाचा, बॉटल पामचा भाऊ. हे झाड जाड, अंगभर तुटलेल्या देठांची खपलं, त्यात नेचे उगवलेले, देठाच्या बुडाला काटे असे की हात घालायची हिंमत होऊ नये. आणि त्या काट्यांच्या मधे घड. लालभडक-काळा, फुटबॉलपेक्षा मोठा, एका घडात हजाराच्या वर फळं. खाली गळलेलं एक फळ मामीनं नखानं सोललं तर बोटं केशरी, तेलकट. गरातनं एक तेल निघतं, आतल्या बीमधनं दुसरं, एकाच फळात दोन तेलं आणि दोन्ही वेगळ्या जातीची.

आम्हाला एक बागायतदार भेटले, बाजूच्याच गावातले, साठीच्या पुढचे, त्यांनी स्वतः नव्वदच्या दशकात पाम लावलेला. नव्वदच्या सुमाराला केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्रात ऑइल पामचे प्रात्यक्षिक प्रकल्प घेतले होते, महाराष्ट्रातला सिंधुदुर्गात. तेव्हाची हकीकत त्यांनी मस्त सांगितली. मामानं नमस्कार करून सरळ विचारलं, "कसं काय झालं वो तुमचं?" ते हसले, "झाड चांगला इला. वाढला झकास. पण मार्च-एप्रिलात पाणी खय आसा? आणि घड काढून नेवचो खय?"

हे दोन प्रश्न म्हणजेच सगळा विषय, पण पहिल्याची गंमत मला तिथंच कळली. ऑइल पामच्या एकाच झाडावर नर फुलोरे आणि मादी फुलोरे वेगवेगळे येतात, पाळीपाळीनं. घड अर्थातच मादी फुलोऱ्याचा. आता पानाच्या बगलेत जो फुलोरा तयार होतो तो नर होणार का मादी हे फूल उमलायच्या जवळजवळ दोन वर्षं आधी आतमधे ठरतं, आणि त्या वेळी झाडाला पाण्याचा ताण बसला तर झाड नराकडं झुकतं. म्हणजे यंदाच्या मे महिन्यात पाणी तोडलं तर यंदा काहीच दिसत नाही, झाड हिरवंगार, घड चालू. दोन-अडीच वर्षांनी अचानक नुसते नर फुलोरे, घड गायब, आणि शेतकरी खताला नाहीतर रोपवाल्याला शिव्या देतो. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या सिंधुदुर्गात पाम उपाशी राहतो तो असा. मामानं हे दोनदा विचारून घेतलं. उसाला पाणी चुकलं तर आठवड्यात कळतं, हे दोन वर्षांनी कळणारं पीक त्याच्या पचनी पडेना.

नर फुलोऱ्याजवळ गेलो तर बडीशेपेचा वास! खरंच, मुखवासाच्या डब्यासारखा. आणि त्यावर बारीक काळपट सोंडकिडे वळवळत होते. या किड्याचं नाव इलेइडोबियस कॅमेरुनिकस, पामचं परागीकरण मुख्यतः हाच करतो. मलेशियात तो नव्हता तेव्हा मजूर लावून हातानं परागीकरण करायचे, १९८१ मध्ये कॅमेरूनहून हा किडा नेऊन सोडला आणि ती मजुरी वाचली. भारतातही तो बाहेरून आणूनच सोडलाय. झाड आणायचं तर त्याचा किडाही आणावा लागतो. पिंट्यानं व्हिडिओ काढला आणि गावाकडच्या ग्रुपवर टाकला, खाली पहिली कमेंट: फवारा मार.

रोपांचाही खुलासा झाला. मामाच्या एजंटनं म्हणे पुढची रोपं "तुमच्याच झाडाच्या बियांतनं" करता येतील असं सांगितलेलं. लागवडीला जो प्रकार वापरतात तो टेनेरा, म्हणजे जाड कवचाचा ड्युरा आणि बिनकवचाचा पिसिफेरा यांचा संकर. टेनेराचं बी पेरलं तर पुढच्या पिढीत तिन्ही प्रकार फुटतात, साधारण निम्मेच टेनेरा, चौथाई जाड कवचाचे आणि चौथाई पिसिफेरा, ज्याला घड धड लागतच नाहीत. आणि रोपं तीन-चार वर्षांची होऊन घड द्यायला लागल्याशिवाय कोण कुठला ते शेतात उभं राहून ओळखू येत नाही. मामा यावर जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग दुसरा प्रश्न, घड न्यायचा कुठं. घड तोडला की फळातलं तेल बिघडायला लागतं, त्यातली आम्लता वाढते, म्हणून २४ तासांत तो गिरणीत जाऊन वाफवला गेला पाहिजे. हे मात्र कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तोडलेला ऊस फडात पडला की वजन आणि उतारा दोन्ही कसे उतरतात हे मामाला पाठ आहे. पण उसाला चारही बाजूंनी कारखाने आहेत, एकानं नाही नेला तर दुसरा, नाहीतर गुऱ्हाळ. पामचा घड बाजारात नेऊन विकता येत नाही, घरी घाण्यावर काढता येत नाही, त्याला एकच गिऱ्हाईक, ती गिरणी. आणि गिरणी चालायला हजारो एकर पाम जवळजवळ हवा. म्हणून आंध्रात १९९३ चा कायदाच आहे, भाग ठरवून कंपन्यांना नेमून दिलेले, त्या भागातला घड त्या कंपनीनं घ्यायचा. एखाद्यानं एकट्यानं दोन एकर लावायचं हे पीकच नाही. हवामान बघताना लोक पाऊस, तापमान, माती बघतात, मला विचाराल तर गिरणीचं अंतर हेही त्याच यादीत वरच्या बाजूला पाहिजे.

मामीनं त्या बागायतदारांना विचारलं, "मग तुम्ही काय केलंसा?"

"तोडलंय. सुपारी लावलंय." मग थांबून, "माड आसत, काजू आसत. ता पाम आमी रागान नाय तोडला हां, झाड वायट नाय."

शनिवार

परत येताना आंबोली-आजरा मार्गे. आंबोलीत पुन्हा स्वेटर. चहाच्या टपरीवर मामानं वही माझ्या हातातनं घेतली आणि स्वतःच लिहायला लागला, मला वाटलं हिशोब, तर ती जागांची यादी होती. शिरोळ काट. बावडा काट. चंदगड, आजरा काट, उंची आणि थंडी. कुडाळपुढं प्रश्नचिन्ह.

त्याचा मुद्दा असा की सरकार काय येडं आहे का? २०२१ मध्ये केंद्रानं पामतेलासाठी ११,०४० कोटींचं मिशन काढलं, देशात १० लाख हेक्टरचं लक्ष्य, आणि आयसीएआरच्या २०२० च्या पाहणीत जवळपास २८ लाख हेक्टर जमीन योग्य धरलेली. बरोबर आहे, आणि गरजही खरी आहे, देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरनं येतं, आणि हेक्टरी तेलाच्या बाबतीत पामच्या जवळपास एकही पीक येत नाही, भुईमूग-सोयाबीन तर सोडाच. चांगल्या बागेत हेक्टरी चार टन तेल म्हणजे काय थट्टा आहे का. पण त्या २८ लाखातला मोठा भाग आंध्र-तेलंगणासारख्या गरम सखल आणि पाण्याची सोय असलेल्या पट्ट्यात आणि ईशान्येत आहे, आणि ईशान्येत जंगल तोडून पाम नको म्हणून वादही चालू आहे, तो मला तरी पटतो. केरळात कोल्लमकडं एरूरला बिनसिंचनाच्या पामच्या बागा आहेत, कारण तिथं पाऊस दोनदा येतो, जूनमध्ये आणि परत ऑक्टोबरात. आपल्याकडं दुसरा पाऊस म्हणजे दिवाळीत फटाके भिजवणारा तेवढाच.

मग महाराष्ट्रात कुठंच नाही का? मी म्हटलं, मला विचारशील तर एकच जागा, दोडामार्ग-सावंतवाडीच्या खालच्या बाजूला तिलारीचा कालवा फिरतो तो पट्टा. सखल, दमट, रात्री उबदार, आणि कालव्याला पाणी असेल तर मार्च ते मे भागतं. समोर गोवा, म्हणजे गिरणीला लागणारं क्षेत्र दोन राज्यांतनं मिळून जमू शकतं.

टपरीवाला इतका वेळ गप्प ऐकत होता, तो किटली ठेवत म्हणाला, "तिलारीक? आणि हत्ती?"

हे आमच्या डोक्यातच नव्हतं. कर्नाटकातनं आलेले हत्ती गेली वीसेक वर्षं दोडामार्ग, चंदगड, आजरा या भागात फिरतायत, माड आणि केळी कोवळ्या कोंबासकट उपटून खातात. सुमात्रा-मलेशियात हत्ती ऑइल पामच्या कोवळ्या रोपांचा फडशा पाडतात हे मी वाचलेलं, पण शिरोळच्या मामाला पाम सांगताना हत्तीचा विचार कुठून येणार! मामानं वहीत तिलारीपुढं "हत्ती" असं लिहिलं आणि त्याला गोल केला.

आजऱ्यात घनसाळ तांदूळ घेतला, मामीनं दहा किलो, भाव करून. उत्तूरच्या पुढं मामानं एजंटला फोन लावला, स्पीकरवर. पहिलं विचारलं, गिरणी किती किलोमीटरवर. तो म्हणाला, लवकरच होणार आहे. दुसरं, रोपं टेनेराचीच आहेत हे कुठल्या कागदावर लिहून देतोस. तो म्हणाला, विश्वास ठेवा साहेब. तिसरं मामीनं मागच्या सीटवरनं ओरडून विचारलं, जानेवारीत थर्मामीटर किती दाखवतो ते तुला ठावं हाय का? त्यावर तो म्हणाला नेटवर्क प्रॉब्लेम आहे, नंतर फोन करतो.

मामाच्या सखल पट्टीत आता आधी चर काढून निचरा करायचं ठरलंय, क्षार धुतले जाईपर्यंत तिथं ऊसही नको असं मामीचं म्हणणं आहे, आणि त्यावरनं कागलपर्यंत दोघांचं वाजलं.